कार्लो अबार्थ : इंजिनाच्या सहनशक्तीचा उपासक

मोले मागे टाकून अनमोडचा घाट चढला की गोव्याची हद्द संपते आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका सुरू होतो. आज हा चढ गाड्यांना जाणवतही नाही. परंतु सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत ज्यांनी फियाट गाडीतून हा प्रवास केला असेल, त्यांच्या स्मरणात एक दृश्य नक्कीच असेल. रामनगरच्या अलीकडे, झाडांच्या सावलीत, बॉनेट उघडे टाकून उभी असलेली गाडी. रेडिएटरमधून फुसफुसत बाहेर पडणारी वाफ. ओले फडके हाताला गुंडाळून झाकणापाशी सावधपणे उभा असलेला चालक आणि ओढ्यावरून पाण्याचा डबा भरून आणणारा कोणीतरी. ती गाडी घाट चढून आलेली असे, म्हणजे चढण्याइतकी शक्ती तिच्या इंजिनात होती. ती शक्ती निर्माण होताना उत्पन्न होणारी उष्णता मात्र त्याला पेलवलेली नसे. शक्ती निर्माण करणे आणि ती पेलणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या वाफेच्या ढगापाशी उभे राहून जितके स्पष्ट कळे, तितके पुस्तकातून कळणे कठीण.

त्या इंजिनाची कुळकथा मोठी आहे. १०८९ सीसी क्षमतेचे, चार सिलिंडरांचे, ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर धावेचे हे इंजिन आपल्याकडे आले ते मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीने १९५४ च्या सुमारास फियाट ११०० ही गाडी भारतात आणली आणि पुढे तिचेच रूपांतर पद्मिनीत झाले. वालचंद स्वतः १९५३ मध्येच निवर्तले होते; आपल्या कंपनीची गाडी मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा होईल, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मूळ इंजिन मात्र त्याहूनही जुने. इटलीतील तुरीन शहरी, फियाटचे अभियंते दान्ते जिआकोसा यांच्या हाताखाली १९३७ मध्ये ते सिद्ध झाले आणि तेव्हा त्याची शक्ती जेमतेम बत्तीस अश्वशक्ती होती.

आता गंमत अशी, की आपल्या घाटात दमणाऱ्या या इंजिनाचेच एक भावंड युरोपातील सर्वांत देखण्या मानल्या गेलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये बसवलेले होते. ती गाडी म्हणजे चिसितालिया २०२. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये मोटारगाड्यांचे प्रदर्शन भरवले, त्यात निवडक आठ गाड्यांत तिला स्थान मिळाले आणि नंतर ती त्या संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात गेली. तिच्या पोटातील इंजिन फियाट ११०० चेच. फक्त ते सुधारून त्यातून पन्नासहून अधिक अश्वशक्ती काढलेली. या चिसितालिया कंपनीच्या शर्यतविभागाचा प्रमुख पुढे एका विंचवाच्या चिन्हाने जगाला परिचित झाला. साध्या, स्वस्त, बाजारी इंजिनातून दुप्पट शक्ती काढायची आणि तरीही ते मोडू द्यायचे नाही, या एकाच ध्यासात त्याने आयुष्य वेचले. त्याचे नाव कार्लो अबार्थ.

त्याचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. जन्मनाव कार्ल. वडिलांचे घराणे मेरानोचे. आल्प्सच्या कुशीतले हे गाव पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेले. सीमाभागातील माणसाला दोन भाषा, दोन नागरिकत्वे आणि दोन्हीकडून थोडे परकेपण कसे वाट्याला येते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कार्लचे आयुष्यही असेच व्हिएन्ना आणि तुरीन यांच्यामध्ये हेलकावत राहिले. लहानपणी लाकडी चाकांच्या ढकलगाडीवर मोठ्या मुलांना मागे टाकता यावे म्हणून त्याने वडिलांचा कातडी पट्टा कापून चाकांना गुंडाळला, अशी एक कथा त्याच्याविषयी सांगतात. कथा खरी असो वा मागाहून रचलेली असो, स्वभावाला शोभणारी आहे. चाक बदलायचे नाही. आहे त्याच चाकाची पकड वाढवायची.

विशीच्या आत तो मोटारसायकलींच्या कारखान्यात रमला. आधी यंत्रे जुळवणारा, मग त्यांची चाचणी घेणारा आणि अखेरीस शर्यतीत उतरणारा स्वार, असा त्याचा प्रवास भराभर झाला. १९२८ मध्ये त्याने साल्झबर्ग येथे पहिली शर्यत जिंकली आणि लगेच पुढच्या वर्षी स्वतःच्या नावाची मोटारसायकल बांधली. १९३० मध्ये लिंझ येथे भीषण अपघात झाला. दुचाकीच्या शर्यतींना रामराम ठोकून तो साइडकारकडे, म्हणजे बाजूला तिसरे चाक जोडलेल्या मोटारसायकलकडे वळला. हा बदल भीतीपोटी झाला असे म्हणता येणार नाही, कारण लवकरच त्याने त्या साइडकारवर बसून चक्क आगगाडीला आव्हान दिले.

ती आगगाडी साधी नव्हती. ओरिएंट एक्स्प्रेस हे युरोपातील श्रीमंतीचे आणि वेळेच्या काटेकोरपणाचे दुसरे नाव होते. १९३४ मध्ये व्हिएन्नाहून बेल्जियमच्या किनाऱ्यावरील ओस्टेंडपर्यंतचे सुमारे तेराशे किलोमीटरचे अंतर अबार्थने या गाडीशी स्पर्धा करत कापले. आगगाडीला स्वतःचा मोकळा मार्ग. याला गावे, वळणे, खड्डे आणि गुरेढोरे. जाताना तो हरला. इंजिन कमी पडले म्हणून नव्हे, तर विजेच्या जोडणीत बिघाड झाला म्हणून. परतीच्या वाटेवर त्याने पुन्हा तोच खेळ मांडला आणि या खेपेस आगगाडीच्या काही मिनिटे आधी तो व्हिएन्नात पोहोचला. वृत्तपत्रांनी विजय गाजवला. माझ्या मते मात्र त्याच्या पुढील साऱ्या कामाचे बीज आदल्या पराभवात आहे. गाडीचा वेग पुरेसा होता. तेराशे किलोमीटरच्या वाटेवर एका क्षुल्लक तारेने दगा दिला. ज्याला दूरवर वेगाने जायचे आहे त्याने सर्वांत बलवान भागाकडे न पाहता सर्वांत दुबळ्या भागाकडे पाहावे, हे त्याला तेव्हा उमगले असावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर युगोस्लाव्हियात त्याला पुन्हा एक अपघात झाला. दीर्घकाळ रुग्णालयात काढावा लागला आणि स्वार म्हणून त्याची कारकीर्द तिथेच संपली. युद्धाची वर्षे त्याने ल्युब्लियाना शहरात काढली. पेट्रोल मिळेनासे झालेल्या त्या दिवसांत पेट्रोलची इंजिने रॉकेलवर चालवण्यासाठी बदलून देण्याचे काम तो करीत होता. शर्यतीच्या झगमगाटापुढे हे काम अगदीच रूक्ष. परंतु निकृष्ट इंधनावर इंजिन कुठे ठोके देते, कुठे तापते, कुठे काजळी धरते, हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले, त्याचा कान वेगळाच घडतो.

युद्ध संपल्यावर तो मेरानोला आला, इटालियन झाला आणि कार्लचा कार्लो झाला. पोर्शे घराण्याशी त्याचा परिचय होता. त्याची पहिली पत्नी फर्डिनांड पोर्शे यांचे जावई आन्टोन पिएख यांच्याकडे चिटणीस होती. रुडॉल्फ ह्रुश्का या अभियंत्याच्या साथीने त्याने पोर्शे कार्यालयाचे इटलीतील प्रतिनिधित्व पत्करले. त्याच सुमारास तुरीनमधील पिएरो दुझिओ नावाचा उद्योगपती नव्या स्वप्नाने पेटला होता. हा गृहस्थ मूळचा फुटबॉलपटू. युद्धात पैसा कमावला, चिसितालिया नावाने छोट्या शर्यतगाड्या काढल्या आणि फियाट ११०० चे इंजिन वापरून उत्तम नावही मिळवले.

चिसितालियाची खरी ओळख लोकांना पटली ती १९४७ च्या मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतीत. चोपन्न वर्षांचा, प्रकृतीने खचलेला, परंतु अवघ्या इटलीचे दैवत असलेला तात्सिओ नुव्होलारी त्या चिमुकल्या उघड्या गाडीत बसला आणि त्याने कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून आघाडी घेतली. शेवटच्या टप्प्यात धो धो पाऊस कोसळला, प्रज्वलन यंत्रणेत पाणी शिरले, मोलाची मिनिटे गेली आणि पहिला क्रमांक हुकला. पुन्हा तेच! इंजिनाने साथ दिली होती, दगा दिला तो विजेने. इटलीने त्या दुसऱ्या क्रमांकाला पहिल्याहून अधिक प्रेम दिले, पण अबार्थसारख्या माणसाला त्यातून वेगळाच हिशेब दिसला असेल.

दुझिओला एवढ्यावर समाधान नव्हते. त्याला जागतिक दर्जाची ग्राँ प्री गाडी हवी होती. तिच्या आराखड्याचे काम पोर्शे कार्यालयाकडे आले, अबार्थ या व्यवहारातील दुवा झाला आणि शर्यतविभागाचा प्रमुखही. त्या वेळी वृद्ध फर्डिनांड पोर्शे फ्रान्समध्ये कैदेत होते. आराखड्याच्या मोबदल्यातला पैसा त्यांच्या सुटकेच्या कामी आला. गाडी विलक्षण होती. इंजिन मागे, बारा सिलिंडर, चारही चाकांना गती. मात्र तिने दुझिओची तिजोरी रिकामी केली. एकही शर्यत धड न धावता तिने कंपनी बुडवली आणि दुझिओ ती गाडी घेऊन अर्जेंटिनाला निघून गेला. थकलेल्या पैशांच्या बदल्यात अबार्थच्या वाट्याला काही शर्यतगाड्या आणि सुट्या भागांचा ढीग आला.

चाळिशीतला, परक्या देशात स्थायिक झालेला, दिवाळखोर कंपनीचा ढिगारा हाती आलेला माणूस काय करील? ३१ मार्च १९४९ रोजी अबार्थने आर्मांदो स्काल्यारिनी या भागीदारासह स्वतःची कंपनी काढली. जन्मराशी वृश्चिक म्हणून विंचू हे चिन्ह घेतले. आकाराने लहान, परंतु नांगी मोठी. पुढील बावीस वर्षांत या चिन्हाने आपले नाव सार्थ केले. १९५० च्या एप्रिलमध्ये सिसिलीतील पालेर्मोजवळच्या मोंते पेल्लेग्रिनो डोंगराच्या चढशर्यतीत नुव्होलारीने अबार्थची गाडी चालवून आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. त्या महापुरुषाची ही अखेरची शर्यत ठरली.

शर्यतींनी कीर्ती मिळे, पोट भरत नसे. पोट भरले सायलेन्सरने. धुराच्या नळीसारख्या उपेक्षित वस्तूकडे अबार्थने इंजिनाचा अवयव म्हणून पाहिले. सिलिंडरमधला जळका वायू जितका सहज बाहेर पडेल, तितका ताजा मिश्रवायू अधिक आत येईल. म्हणजे इंजिनाला हात न लावता थोडी शक्ती वाढेल. वर आवाज भारदस्त. सर्वसामान्य फियाटवाल्याला परवडेल अशा दरात त्याने निरनिराळ्या गाड्यांसाठी सायलेन्सर काढले, ते लाखांच्या संख्येने खपले आणि परदेशीही गेले. एक बारीक गोष्ट इथे ध्यानात घेण्यासारखी आहे. सायलेन्सर बदलून गाडी बिघडण्याचा धोका जवळजवळ नसतो. ग्राहकाचा विश्वास त्याने सर्वांत निर्धोक भागापासून मिळवला आणि त्यानंतरच इंजिनाच्या पोटात हात घातला.

ती संधी १९५५ मध्ये आली. त्या वर्षी फियाटने ६०० ही छोटी गाडी बाजारात आणली. मागे बसवलेले, पाण्याने थंड होणारे ६३३ सीसीचे इंजिन, शक्ती सुमारे साडेएकवीस अश्वशक्ती. युद्धोत्तर इटलीतील कुटुंबाला स्कूटरवरून गाडीत आणणारी ही गाडी. जिआकोसांनी ती काटकसरीसाठी आखली होती. अबार्थला तिच्यात शर्यतीचे घोडे दिसले. पुढच्याच वर्षी त्याने त्या इंजिनाला ७४७ सीसीचे केले आणि शक्ती चाळिशीच्या पार नेली.

हे कसे केले, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या माणसाचे खरे चरित्र तिथेच आहे. मूळ इंजिनात सिलिंडरचा व्यास ६० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५६ मिलिमीटर होती. व्यास फार वाढवायला जागाच नव्हती. दोन सिलिंडरांमधली भिंत पातळ झाली तर उष्णतेने ती दगा देणार. म्हणून व्यास केवळ एका मिलिमीटरने वाढवला आणि धाव मात्र ६४ मिलिमीटर केली. धाव वाढवायची तर क्रँकशाफ्ट नवा हवा. धाव वाढली की प्रत्येक फेऱ्याला पिस्टनला अधिक अंतर कापावे लागते, त्याचा वेग वाढतो, दांड्यांवरचा आणि बेअरिंगांवरचा ताण वाढतो. म्हणून क्रँकशाफ्ट अधिक चांगल्या पोलादाचा हवा. मिश्रवायू अधिक दाबला की स्फोट जोरकस होतो, पण हेड गॅस्केटवर भार येतो. कॅमशाफ्ट बदलून झडपा अधिक वेळ उघड्या ठेवल्या की वरच्या फेऱ्यांना श्वास मोकळा होतो, पण झडपांच्या स्प्रिंगा तितक्याच चपळ असाव्या लागतात. कार्बुरेटर मोठा केला की तहान भागते, पण आता मूळ सायलेन्सर गुदमरवतो. आणि हे सारे जुळून आले की उष्णता दुप्पट होते. ती बाहेर काढायची कोणी? तेलाने आणि पाण्याने. तेव्हा तेलाचे चेंबर मोठे, ॲल्युमिनियमचे, बाहेरून पन्हाळी असलेले; तेल अधिक मावावे आणि वाऱ्याने निवावे.

आपल्या भागातील गॅरेजवाल्यांना यातला पहिला टप्पा परिचित आहे. सिलिंडर झिजले की बोअर करायचे आणि मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे, हे काम बेळगाव-हुबळीपासून मडगावपर्यंत हजारो इंजिनांवर झाले असेल. पण ते झिजेवरचे औषध. इंजिन पहिल्याइतके चालावे, एवढीच त्यात अपेक्षा. शक्ती वाढवण्यासाठी बोअर करणे हे निराळे साहस आहे. तिथे एक दुवा बदलला की सारी साखळी बदलावी लागते. अर्धवट बदल करणारे मेकॅनिक जगात सगळीकडे असतात; त्यांच्या गाड्या पहिल्या दिवशी वाऱ्यासारख्या धावतात आणि महिन्याभरात गॅरेजच्या मागच्या अंगणात उभ्या दिसतात. अबार्थ शेवटच्या दुव्यापर्यंत जात असे. शक्ती वाढलेल्या गाडीला थांबताही आले पाहिजे, हेही तो विसरला नाही. १९६१ च्या ८५० टीसी या गाडीच्या पुढच्या चाकांना त्याने डिस्क ब्रेक दिले. मूळ ६०० ला साधे ड्रम ब्रेक होते.

शर्यतीसाठीच्या अशा गाड्यांचे मागचे झाकण नेहमी उघडे टेकवलेले असे. छायाचित्रे पाहणाऱ्याला तो रुबाब वाटतो. मूळ हेतू इंजिनाला वारा मिळावा हा. रेडिएटर त्यांनी मागून काढून गाडीच्या नाकासमोर आणून बसवला, तोही उष्णतेच्याच भयाने. झाकण उघडे ठेवल्याने मागचा हवेचा प्रवाहही सुधारतो असे पुढे आढळले आणि सोयीसाठी केलेली गोष्ट विंचवाच्या गाड्यांची ओळख होऊन बसली. अनमोडच्या चढावर बॉनेटला काठी लावून गाडी हाकणारा आपला चालक आणि तुरीनचा हा इंजिनतज्ज्ञ, दोघांचा शत्रू एकच होता.

परंतु गिऱ्हाइकाने यावर विश्वास का ठेवावा? शर्यत जिंकली म्हणजे इंजिन तासभर टिकले, एवढेच सिद्ध होते. अबार्थने याचे उत्तर मोंझाच्या धावपट्टीवर दिले. १९५६ मध्ये त्याच्या ७५० सीसी इंजिनाच्या, बेर्तोनेने घडवलेल्या निमुळत्या गाडीने चोवीस तासांत ३७४३ किलोमीटर कापले. सरासरी वेग ताशी सुमारे १५६ किलोमीटर. हा पराक्रम मोठाच, पण खरी कसोटी दोन वर्षांनी झाली.

१९५७ मध्ये फियाटने ६०० हूनही लहान अशी ५०० ही गाडी आणली. दोन सिलिंडर, हवेने थंड होणारे ४७९ सीसीचे इंजिन, अवघी तेरा अश्वशक्ती. सुरुवातीला लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. स्कूटरपेक्षा महाग आणि गाडीपेक्षा दुबळी, असा तिचा लौकिक झाला. अबार्थने ती उचलली, इंजिनाची शक्ती वाढवली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, मोंझाला नेली. १३ तारखेला सुरू झालेली ती गाडी २० तारखेला थांबली. सात दिवस, सात रात्री. चालक आळीपाळीने बदलत राहिले, इंधन आणि टायरांसाठी ती थांबे आणि पुन्हा धावे. १६८ तासांत १८,१८६ किलोमीटर. सरासरी ताशी १०८ किलोमीटरहून थोडी अधिक, आणि त्या सरासरीत थांबण्याचा वेळही आला. पणजीहून दिल्लीला जाऊन परत यावे, तेही चारहून अधिक वेळा, आणि एकाच आठवड्यात, म्हणजे साधारण काय झाले याची कल्पना येईल. मूळ गाडीचा सर्वोच्च वेगच ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास होता. शक्ती वाढवलेले इंजिन मूळ इंजिनाच्या सर्वोच्च वेगाहून अधिक वेगाने आठवडाभर अखंड चालले, याचा अर्थ प्रत्येक वाहनधारकाला आपोआप कळला. त्या मोहिमेत सहा आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदले गेले.

फियाटच्या कार्यालयातही तो अर्थ पोहोचला. अबार्थच्या गाड्या जिथे जिंकतील तिथे प्रत्येक विजयामागे ठरावीक रक्कम देण्याचा करार कंपनीने केला. अबार्थच्या दृष्टीने हा करार म्हणजे पगार विजयांवर अवलंबून ठेवण्यासारखा. त्याने तो आनंदाने स्वीकारला आणि मग इतके विजय मिळवले की देणाऱ्याने हिशेब करताना कपाळाला हात लावला असेल. साठच्या दशकाच्या मध्यावर युरोपातील टूरिंग गाड्यांच्या स्पर्धेत सर्वांत लहान इंजिनांच्या गटात वर्षामागून वर्ष विंचवाचेच राज्य होते. मूळच्या त्या ६०० च्या इंजिनातून, ते एक हजार सीसीजवळ नेऊन, सत्तरच्या दशकाच्या आरंभी शर्यतीसाठी शंभराहून अधिक अश्वशक्ती काढली गेली. साडेएकवीसवरून शंभर!

तथापि त्याचे सर्वांत लोकाभिमुख काम शर्यतीतले नव्हे. ते एका लाकडी खोक्यात मावत असे. १९६३ मध्ये त्याने ५०० चे ५९५ केले. सिलिंडरचा व्यास साडेत्र्याहत्तर मिलिमीटर, शक्ती सत्तावीस अश्वशक्ती, वेग ताशी १२० किलोमीटर. नंतर ६९५ आले, त्याच्या तेज आवृत्तीची शक्ती अडतीस. गाडी तयार विकत घ्यायची नसेल तर सिलिंडर, पिस्टन, कॅमशाफ्ट, कार्बुरेटर, सायलेन्सर, तेलाचे चेंबर असे सगळे भाग खोक्यातून येत. गावातल्या मेस्त्रीने ते बसवायचे आणि शेवटी विंचवाचे बिल्ले लावायचे. यात मालकाचा फायदा तर होताच, पण विचारही होता. एकेक भाग निवडून घेण्याची मुभा दिली असती तर स्वस्तातले तेवढेच लोकांनी उचलले असते; कार्बुरेटर घेतला असता आणि चेंबर सोडले असते. पूर्ण संच एकत्र देऊन त्याने अर्धवटपणालाच वाव ठेवला नाही. आपल्याकडे जुन्या फियाटच्या इंजिनात बदल झाले ते बहुधा उलट्या हेतूने, डिझेलचे इंजिन बसवून खर्च वाचवण्यासाठी. गरज वेगळी, म्हणून कारागिरीची वाटही वेगळी.

स्वभावाने तो कडक होता. उंच, नीटनेटका, उत्तम शिवलेल्या सुटात वावरणारा. कामगारांकडून आणि चालकांकडून काटेकोरपणाची अपेक्षा करणारा. स्वतःलाही त्याने सवलत दिली नाही. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये, सत्तावन्नावा वाढदिवस काही आठवड्यांवर आलेला असताना, प्रवेगाचा विक्रम स्वतःच करायचा असे त्याने ठरवले. अडचण अशी, की गाडी अरुंद आणि मालक स्थूल. त्याने गाडी रुंद केली नाही. सफरचंदांचा आहार धरून तीस किलो वजन घटवले, मोंझाला त्या निमुळत्या आसनात स्वतःला बसवले आणि विक्रम केला. बदल करायचा तो यंत्रातच असे नाही, हे त्याने स्वतःच्या देहावर दाखवले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. दुसऱ्याचे इंजिन सुधारण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे, परंतु पूर्णपणे स्वतःचे असे मोठे इंजिन उभे करण्याची हौस त्याला महागात पडली. सिम्का आणि पोर्शे यांच्याशी केलेल्या भागीदारीतून सुंदर गाड्या निघाल्या, पण त्या सहकार्याला अंत होता. सहा लिटरचे, बारा सिलिंडरांचे एक प्रचंड इंजिन त्याने आखले. तेवढ्यात शर्यतीच्या नियमांनी तीन लिटरची मर्यादा घातली आणि ते काम अर्ध्यावर राहिले. शर्यतविभागाचा खर्च वाढत गेला, उत्पन्न त्या मानाने वाढले नाही. दुझिओला बुडवणारा मोह त्याने जवळून पाहिला होता, तरी त्याच्या कडेपर्यंत तोही गेलाच. फरक इतकाच, की बुडण्याआधी तो थांबला. १९७१ मध्ये त्याने कंपनी फियाटला विकली.

तुरीनमधील कोर्सो मार्के या रस्त्यावरच्या त्याच्या कारखान्यात फियाटचा शर्यतविभाग आला. तिथे घडलेल्या १३१ अबार्थ या गाडीने १९७७, १९७८ आणि १९८० अशी तीन वर्षे रॅलीचे जागतिक अजिंक्यपद फियाटला मिळवून दिले. नाव त्याचे, विंचूही त्याचा; तो स्वतः मात्र व्हिएन्नाला परतला होता. जिथून त्याने आगगाडीशी शर्यत लावली होती, त्याच शहरात ऑक्टोबर १९७९ मध्ये त्याचे निधन झाले. पाश्चात्त्य गणनेप्रमाणे तेव्हाही सूर्य वृश्चिक राशीतच होता.

त्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडतच होत्या, ६८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ७५ मिलिमीटर धावेच्या त्याच इंजिनासह, आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे पडत राहिल्या. त्यांतल्या काही अजूनही गोव्याच्या रस्त्यांवर दिसतात. अनमोडचा घाट चढायचा असेल, तर त्यांचे मालक निघण्यापूर्वी रेडिएटरमधले पाणी पाहून घेतात.